आवडी तीन असल्या तर काय बिघडलं?

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे पहिला प्रश्न, स्कोप कशाला आहे? आणि ज्या पोराला दोन-तीन विषय मनापासून आवडतात त्याला सरळ सांगतात, एक काहीतरी धर, धरसोड करू नको. मला हे अजिबात पटत नाही. आता नवीन शैक्षणिक धोरणात मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडीचा विषय), ओपन इलेक्टिव्ह (आवडीनं निवडायचा वेगळा विषय) अशी सोय आहे, तरी आपण पोरांना जुन्याच दावणीला बांधतोय.

आमच्या शेजारची पोरगी, घरात तेलुगू, शाळा मराठी, गणितात हुशार, चित्रं झकास काढते आणि भाषांचं भलतंच वेड. घरचे म्हणतात तिन्हीतलं एक ठेव. तिचे वडील चादरीच्या कारखान्यात जेकार्डची, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाची, कार्डं पंच करायचे, मी म्हटलं आधी त्यांचं काम नीट समजून घे. ग्राफ पेपरवर नक्षी काढायची, एकेक चौकोन रंगवायचा, मग त्या चौकोनांप्रमाणे पुठ्ठ्याच्या कार्डाला भोकं पाडायची, जिथं भोक तिथं ताण्याचा धागा वर उचलला जातो, जिथं नाही तिथं खालीच राहतो आणि मधनं बाण्याचा धागा जातो. एक भोक चुकलं की प्रत्येक चादरीत त्याच जागी चूक दिसणार. फ्रान्समध्ये 1804 च्या सुमाराला जाकार नावाच्या विणकरानं हा जेकार्ड माग आणला आणि पुढं इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेजनं त्याच्या गणिती यंत्रासाठी अशीच कार्डं वापरायचं ठरवलं. म्हणजे त्या कारखान्यात चित्रकला आणि गणित शेजारी शेजारी बसलेत, आणि आपण पोरीला म्हणतोय एक सोड.

माझं म्हणणं एवढंच, मेजर असा घ्या जो घरी बसून एकट्यानं होत नाही. गणित, स्टॅटिस्टिक्स, केमिस्ट्री यात एक पायरी सुटली की पुढचं काहीच कळत नाही, लॅब लागते, चूक दाखवणारं माणूस लागतं. (आर्ट्सचे विषय सोपे असं मी म्हणत नाही हां, भाषाशास्त्र किंवा पुरातत्त्वालाही गुरू लागतोच.) जे आपण स्वतः वाचून, फिरून पुढं नेऊ शकतो ते मायनरला ठेवा. दा. ध. कोसंबी बघा, पेशानं गणिताचे प्राध्यापक, पण त्यांनी जुनी आहत (ठसे मारलेली) नाणी एकेक करून तोलली, वापरात झिजून वजन किती घटलं याचा संख्याशास्त्रानं हिशोब मांडला आणि त्यावरनं नाण्यांचा काळक्रम लावला. नुसत्या इतिहासानं ते झालं नसतं, नुसत्या गणितानंही नाही.

पालकांची भीती असते की मायनर वाया जाणार. पण आपल्या महाराष्ट्रात मायनर दुसऱ्या फॅकल्टीचाही (आर्ट्स, सायन्स अशा दुसऱ्या शाखेचाही) घेता येतो, आणि ओपन इलेक्टिव्ह तर मेजरच्या फॅकल्टीबाहेरचाच घ्यावा लागतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2024 च्या पदव्युत्तर आराखड्यात तर मेजर किंवा मायनर, दोन्हीपैकी कुठल्याही विषयात एमए-एमएस्सीला जाता येईल असं आहे. विसाव्या वर्षी दुसरा दरवाजा उघडा राहतोय, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

आता खरी मेख. प्रॉस्पेक्टसमध्ये विषयांची यादी लांबलचक असते आणि प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी जो शिक्षक हाताशी आहे त्याचाच विषय मायनर म्हणून गळ्यात मारतात, पोरांचं नशीब त्या टाइमटेबलवर. याची मला खरंच चीड येते. म्हणून फी भरायच्या आधी कॉलेजात जा, तो मायनर गेल्या वर्षी खरंच चालला का विचारा, शिकवणारे कायम आहेत की सीएचबीवर (तासाप्रमाणे पैसे घेणारे) तेही विचारा, आणि सेकंड इयरच्या दोन-चार पोरांना कँटीनमध्ये गाठा, ते खरं सांगतात. मेजरचं प्रॅक्टिकल आणि मायनरचा तास एकाच वेळी येतोय का, हे तर टाइमटेबल हातात घेऊनच बघा.