चोथा फेका, निरोगी व्हा

तब्येत सुधारायचं मनावर घेतलंच असेल, तर वेष्टनाची पुढची बाजू तेवढी बघा. पुढे पानासकट संत्रं असतं, सालीवर दवाचे थेंब असतात. मागे बारीक अक्षरांतला तक्ता असतो आणि तो वाचून डोळ्यांना उगाच ताण होतो. डोळेही तब्येतीतच मोडतात.

तर ज्यूस प्या. सकाळी उठल्या उठल्या, मोठा पेला भरून. २५० मिलिलिटर संत्र्याच्या रसात साधारण २० ते २५ ग्रॅम साखर असते. तेवढ्याच कोल्यात त्याहून थोडीशीच जास्त. पण ती कोल्याची साखर, ही फळाची! फळाची साखर घरंदाज असते. ती आली की यकृत अदबीने बाजूला होतं. जागतिक आरोग्य संघटनेला मात्र हा घरंदाजपणा दिसत नाही. तिने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये फळांच्या रसातली साखर मध आणि पाकाच्या पंगतीला बसवली आणि वर सांगितलं, की ही सगळी मिळून दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर ५ टक्क्यांच्या. ५ टक्के म्हणजे अंदाजे २५ ग्रॅम. याचा चांगला अर्थ काढा: दिवसभराची साखर न्याहारीलाच उरकली, पुढचा दिवस मोकळा.

खोक्यावर ‘साखर घातलेली नाही’ असं लिहिलेलं असतं आणि ते शंभर टक्के खरं असतं. कुणी घातलेली नाही. ती आतच होती.

एक खबरदारी मात्र घ्या. चुकूनही अख्खं संत्रं खाऊ नका. ते सोलावं लागतं, चावावं लागतं, बिया थुंकाव्या लागतात आणि दुसऱ्या संत्र्यापर्यंत पोट ‘पुरे’ म्हणतं. एका संत्र्यात जवळपास ३ ग्रॅम तंतू असतात. हा सगळा त्यांचाच कावा. पेलाभर रसासाठी तीन-चार संत्री पिळा, चोथा टाकून द्या, म्हणजे तंतू नावापुरते उरतात आणि तीन-चार फळांची साखर अर्ध्या मिनिटात, पोटाला पत्ता न लागता, घशाखाली उतरते. ज्यूसवाल्यांनी माणसाला जबड्याच्या कष्टातून सोडवलं, याबद्दल त्यांचं कौतुक व्हायला हवं ते होत नाही.

कुणी जीवनसत्त्व ‘क’चा विषय काढलाच तर छाती पुढे काढा, तिथे तुमची बाजू भक्कम आहे. संत्र्याच्या त्या पेल्यात ते दिवसाच्या गरजेहून जास्तच असतं आणि जास्तीचं लघवीवाटे सुखरूप बाहेर पडतं. फक्त सफरचंदाच्या रसाकडे विषय वळू देऊ नका. त्यात वरून घातलं नसेल तर ते जवळजवळ नसतंच.

आता डबाबंद भाज्या. नाव काढताच नाक मुरडा. ‘त्यात प्रिझर्व्हेटिव्ह ठासून भरलेले असतात’ असं ठणकावून सांगा. मागची बाजू समोरच्यानेही वाचलेली नसते. भाजी डब्यात भरून, हवाबंद करून, सुमारे १२१ अंशांपर्यंत तापवली की जंतू मरतात आणि नवे आत शिरू शकत नाहीत, बाकी फारसं काही घालावं लागत नाही, हे ऐकायला अगदीच नीरस आहे. निकोला आपेर या फ्रेंच मिठाईवाल्याने हीच युक्ती काचेच्या बाटल्यांवर करून दाखवली, १८१० मध्ये १२,००० फ्रँकचं सरकारी बक्षीस घेतलं, आणि ती का चालते हे पाश्चरने काही दशकांनी सांगितलं. पत्र्याचे डबे लगोलग आले, ते उघडायचं हत्यार यायला मात्र १८५० चं दशक उजाडलं. तोवर छिन्नी आणि हातोडा. भाजीआधी व्यायाम घडायचा, हा त्या डब्यांचा एकमेव गुण होता, तोही गेला.

तापवल्याने ‘क’ आणि काही ‘ब’ जीवनसत्त्वं घटतात, हे जोरात सांगा. तंतू, खनिजं आणि गाजरातलं कॅरोटीन बहुतेक टिकतं, टोमॅटोला लाल रंग देणारं लायकोपीन तर शिजवल्यावर अंगी जास्त लागतं, हे मनात ठेवा. फ्रिजच्या तळाशी आठवडाभर पडलेल्या ‘ताज्या’ पालेभाजीतूनही ‘क’ रोज ओसरत असतं, पण तिचा ताजेपणा तुमच्या मनात आहे आणि तिथून तो हलत नाही. मीठ हा डब्यावरचा खरा आरोप, तो हातचा घालवू नका. डब्यातलं पाणी ओतून देऊन भाजी नळाखाली धुतली की काही मीठ निघून जातं, म्हणून धुऊ नका.

ब्रिटनच्या आरोग्यसेवेपासून तर दूरच राहा. रोज फळं-भाज्यांचे पाच वाटे खावेत, या आपल्या हिशेबात ते डबाबंद वाटाण्याला ताज्या वाटाण्याइतकाच मान देतात, आणि रस कितीही ढोसा, वाटा एकच धरतात, तोही १५० मिलिलिटरपुरता.

मुलांना लवकर वळण लावा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१७ मध्ये सांगितलं, की वर्षाच्या आतल्या बाळाला रस देऊच नका आणि पुढेही बाटलीतून चोखत ठेवू नका, दात किडतात. या लोकांना साधं कळत नाही, की दुधाचे दात तसेही पडायचेच असतात.