धामण दिसल्यास पाळावयाचे नियम

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या वाहनतळात, पाण्याच्या टाकीजवळ, सहा फुटी धामण निघाली आणि पंधरा मिनिटांत तिचा निकाल लागला. सर्पमित्र निघालेला आहे, तो येईपर्यंत थांबा, असे मी तीनदा सांगितले. परंतु मला नियमच ठाऊक नव्हते. आता ते पाठ झाले आहेत, म्हणून आपल्याही सोयीसाठी येथे देतो.

साप ओळखण्याच्या भानगडीत पडू नये. नाग, मण्यार, घोणस, फुरसे ही नावे परीक्षेपुरती असतात. धामण बिनविषारी असली तरी ती गाईच्या पायांना वेटोळे घालून दूध पिते, हे ध्यानात ठेवावे. आमच्या सोसायटीत दूध पिशवीतून येते, तरी सावध असलेले बरे.

मांडूळ सापडल्यास मारू नये. आधी त्याचे वजन करावे.

दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या दिसल्यास त्यांच्यावर कोरे कापड टाकून ते तिजोरीत ठेवावे. त्या बहुधा दोन नर असतात आणि त्यांची कुस्ती चाललेली असते, ही गोष्ट तिजोरीला कळू देऊ नये.

साप चावल्यास आधी मांत्रिक गाठावा. साप बिनविषारी असला तर गुण येतो आणि विषारी असला तर तक्रार करायला रुग्ण उरत नाही. रुग्णाला उपचारांपासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे खरा. पण कायदा काय, वाचणाऱ्यांसाठी असतो.

सर्वांत महत्त्वाचा नियम डोके ठेचण्याचा. मेलेल्या सापाच्या डोळ्यांत मारणाऱ्याचा फोटो उमटतो, तो पाहून जोडीदार डूख धरतो आणि बारा वर्षांनीही सूड उगवतो, असे तिसऱ्या मजल्यावरच्या उच्चशिक्षित गृहस्थांनी मला समजावले व मेलेल्या धामणीचे डोके विटेने पुन्हा ठेचले. ज्या जिवाला बाहेरून कान नाहीत, डोळ्यांना पापण्या नाहीत, जो पुंगीच्या सुरावर नव्हे तर तिच्या हालचालीवर डोलतो, तो म्हणे फोटो पाहणार, चेहरा ध्यानात ठेवणार आणि सदनिका क्रमांक शोधत जिना चढणार! या गृहस्थांना तीन वर्षे दारात उभ्या असलेल्या रखवालदाराचे नाव अजून ठाऊक नाही.

आणि हेच लोक श्रावणात नागपंचमीला पाटावर नाग काढून हळदकुंकू वाहतात, तवा चुलीवर चढवत नाहीत, भाजी चिरत नाहीत, का तर नागाला इजा होईल! पूर्वी गारुडी दारात आणायचा तो नागही भक्तीने दूध पीत नसे. कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेला तो जीव समोर येईल ते ओले तोंडात घेई. दूध हे त्याचे अन्नच नव्हे.

अहो, ती धामण तुमच्या अंगावर आली नव्हती. भिंतीच्या कडेने पळायला जागा शोधत होती आणि तुम्ही आठ जणांनी मिळून ती अडवलीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिला मारणे गुन्हा आहे, हे मी ओरडून सांगत होतो तेव्हा तुम्ही चित्रीकरण करत होतात. भीती वाटली असती तर तुम्ही लांब उभे राहिला असतात. तुम्हाला मजा वाटत होती, आणि पोरे बघत होती.

आज सकाळी सूचना फलकावर कागद लागला आहे: वाहनतळातील उंदरांनी गाड्यांच्या वायरी कुरतडल्यामुळे बंदोबस्तासाठी प्रत्येक सदनिकेमागे ३०० रुपये वर्गणी. मी ती देणार नाही.