‘शिळ्या कढीला ऊत’ या प्रतिक्रियेच्या निमित्ताने

महोदय,

आपण नाव दिलेले नाही, ‘एक जुना वाचक’ एवढीच सही केली आहे. त्यामुळे संबोधनात काही चूक होत असल्यास तिची जबाबदारी आपल्यावरही आहे. ‘एकदा चित्रित करा, चार ठिकाणी पेरा’ या माझ्या लेखात मी एकच उभा व्हिडिओ इन्स्टाग्रामचे रील्स, यूट्यूबचे शॉर्ट्स, फेसबुक आणि व्हॉट्सॲपचे स्टेटस अशा चार ठिकाणी कसा वापरावा हे सांगितले होते. त्यावर आपले म्हणणे असे की, हा सारा प्रकार म्हणजे शिळ्या कढीला ऊत आणणे आहे. प्लॅटफॉर्मना नक्कल ओळखता येते आणि ते तिला दाबतात, याचा पुरावा म्हणजे आपल्या पुतण्याचा रील हजारोंनी पाहिला आणि तोच शॉर्ट्सवर टाकल्यावर कोणी फिरकलेही नाही. संगीताच्या हक्कांविषयी मी सोयीस्कर मौन पाळले. एकट्या माणसाला चार ठिकाणच्या प्रतिक्रिया सांभाळणे अशक्य आहे. आणि शेवटी, ‘लेखकमहाशयांनी खुर्चीतून उपदेश करण्याआधी स्वतः काही विकून दाखवावे, आगळाच्या किती बाटल्या गेल्या ते सांगावे’. (आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस; त्याचा माझ्याशी संबंध काय, ते पुढे येईलच.)

मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु ‘लेखकमहाशय’, ‘उपदेश’, ‘खुर्ची’ या शब्दांची निवड सहज झालेली नसते, आणि ज्या लेखात मी कोणालाही एका शब्दाने हिणवले नव्हते त्या लेखाखाली अशी भाषा वाचावी लागणे हे माझ्या दृष्टीने मुद्द्यापेक्षा अधिक खेदाचे आहे. आपण हीच शंका दोन सरळ वाक्यांत विचारली असती, तर मी तितक्याच सरळपणे उत्तर दिले असते. आता उत्तर लांबणार आहे, त्याला इलाज नाही.

एक गोष्ट मी आधीच मान्य करून टाकतो. लेखाचे शीर्षक बाजारी आहे, असे आपण कंसात म्हटले आहे, आणि ते थोडेफार खरे आहे. ‘पेरा’ हा शब्द मला लिहिताना आवडला होता. दुसऱ्या वाचनात तो जाहिरातीच्या फलकावरचा वाटतो. शीर्षक मी बदलणार नाही, कारण जुन्या दुव्यांचा घोळ होईल, पण आपला आक्षेप नोंदवून ठेवतो.

आता त्या कढीकडे वळतो. जिल्ह्याच्या ठिकाणाहून निघणाऱ्या एका दैनिकाच्या डेस्कवर मी माझी उमेदीची वर्षे घालवली. लांबच्या तालुक्यांत जाणारी डाक आवृत्ती आम्ही संध्याकाळीच सोडत असू आणि शहर आवृत्ती मध्यरात्रीनंतर. बातमी बहुतेक वेळा तीच असे. धरणातून पाणी सोडल्याची बातमी डाक आवृत्तीत पहिल्या पानावर चार कॉलम जाई, कारण नदीकाठची गावे त्याच आवृत्तीची वाचक होती. शहर आवृत्तीत तीच बातमी आतल्या पानावर दोन परिच्छेदांत बसे आणि मथळ्यात पाणीकपातीचा उल्लेख येई. वार्ताहराने बातमी एकदाच पाठवलेली असे. तिला कोणी शिळी म्हटल्याचे मला आठवत नाही, आणि डाक आवृत्तीचा वाचक शहर आवृत्ती विकत घेऊन ‘माझी फसवणूक झाली’ अशी तक्रार घेऊन आल्याचेही आठवत नाही. ज्या कामात माझे केस पिकले त्याच कामाबद्दल मला खुर्चीतला उपदेशक ठरवले जाते, तेव्हा हे सांगणे भाग पडते.

आपला गैरसमज असा दिसतो की, चार ठिकाणी एकच माणूस बसलेला आहे. वेंगुर्ल्याला माझी मावसबहीण कोकम आणि आगळाचा घरगुती व्यवसाय करते आणि तिच्या व्हिडिओंचे काम मी पाहतो, हे मूळ लेखात होतेच. रतांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडून, मीठ घालून त्यांचा रस सुटेपर्यंतची कृती आम्ही हंगामात, म्हणजे पाऊस सुरू होण्यापूर्वी, एकदाच चित्रित करतो; पुढे वर्षभर ती मिळत नाही. हा एकच व्हिडिओ इन्स्टाग्रामवर मुंबई-पुण्यातील अशा तरुणांपुढे जातो ज्यांनी आगळ हा शब्द कदाचित ऐकलेलाही नाही आणि जे अंगठा सरकवता सरकवता क्षणभर थांबतात. यूट्यूबवर मात्र तोच व्हिडिओ ‘आगळ कसे करतात’ असे शोधणाऱ्या माणसाला चार महिन्यांनंतरही सापडतो. फेसबुकवर तो चाकरमान्यांच्या गटांतून फिरतो आणि खाली कृतीपेक्षा आजीच्या आठवणीच अधिक येतात. व्हॉट्सॲपचे स्टेटस चोवीस तासांत नाहीसे होते आणि ज्याच्याजवळ आपला क्रमांक साठवलेला आहे त्यालाच ते दिसते, म्हणजे तेथे पाहणारा बहुतेक वेळा आधीचा ग्राहक असतो. या चौघांपैकी तीन ठिकाणी हजर असणारा प्रेक्षक असतो, नाही असे नाही. पण तो बहुतेक नातेवाईक असतो, आणि नातेवाइकांसाठी कोणी धंदा करत नाही.

शिवाय व्हिडिओ ‘तोच’ राहतो, हेही खरे नाही. १०८० बाय १९२० पिक्सेलची उभी चौकट सर्वत्र चालते, म्हणून लोकांना वाटते की काम संपले. प्रत्यक्षात खालच्या भागावर खात्याचे नाव आणि मजकूर येतो, उजव्या कडेला बटणांची रांग येते, आणि प्रत्येक ॲपमध्ये त्यांनी व्यापलेली जागा थोडी वेगळी असते. मिठाचे प्रमाण सांगणारी ओळ अगदी तळाशी लिहिली असेल, तर ती एका ठिकाणी वाचता येते आणि दुसरीकडे झाकली जाते. म्हणून मूळ प्रतीत अक्षरे मधल्या पट्ट्यातच ठेवावीत, असे मी लिहिले होते. मुखचित्राचेही, म्हणजे व्हिडिओ सुरू होण्याआधी दिसणाऱ्या चित्राचेही, तसेच आहे: जानेवारी २०२५ मध्ये इन्स्टाग्रामने खात्यावरील चौकोनी चौकटी उभ्या केल्या, आणि जुन्या चौकोनात नेमकी बसवलेली मुखचित्रे एका रात्रीत बेढब दिसू लागली. आवाजात ‘लिंक बायोमध्ये (खात्याच्या परिचयात) आहे’ असे एकदा बोलून बसलात की तो व्हिडिओ इन्स्टाग्रामबाहेर निरर्थक होतो. शॉर्ट्सच्या वर्णनातील दुवे ३१ ऑगस्ट २०२३ पासून दाबताच येत नाहीत, तेथे संबंधित व्हिडिओ जोडावा लागतो. व्हॉट्सॲपवर तर ‘याच क्रमांकावर कळवा’ एवढेच पुरते. म्हणून ही सूचना तोंडी न देता प्रत्येक ठिकाणच्या मजकुरात वेगळी लिहावी लागते. हे सर्व करणाऱ्याला आपण ऊत आणणारा म्हणत असाल, तर तो आपल्या सोयीचा शब्द झाला.

राहिला नक्कल ओळखण्याचा आणि आपल्या पुतण्याचा मुद्दा. येथे आपण ऐकीव माहितीवर विसंबला आहात, असे मला स्पष्ट म्हणावे लागेल. २९ जून २०२० रोजी भारताने टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी घातली. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने येथे रील्सची चाचणी सुरू केली आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सही आधी भारतातच आणले. त्या काळात लोक जुने टिकटॉक व्हिडिओ त्यावरील हलत्या चिन्हासकट इकडे आणून टाकत होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये इन्स्टाग्रामने जाहीर केले की, दुसऱ्या ॲपचे चिन्ह ठळक दिसणारे रील्स कमी लोकांपर्यंत पोहोचवले जातील. ऑगस्ट २०२२ पासून यूट्यूबही उतरवून घेतलेल्या (डाउनलोड केलेल्या) शॉर्ट्सवर आपले चिन्ह उमटवू लागले. प्लॅटफॉर्मचा राग आहे तो प्रतिस्पर्ध्याच्या शिक्क्यावर.

पुढे राग वाढला, हे खरे. पण तो कोणावर, हे आपण पाहिलेले नाही. एप्रिल २०२४ च्या अखेरीस इन्स्टाग्रामने सांगितले की, इतरांचा मजकूर तीस दिवसांत दहा वा अधिक वेळा जसाच्या तसा टाकणारी खाती शिफारशींमधून वगळली जातील आणि नकलेच्या जागी मूळ व्हिडिओ दाखवला जाईल. जुलै २०२५ मध्ये फेसबुकने इतरांचे व्हिडिओ वारंवार उचलणाऱ्यांची पोहोच आणि कमाई रोखण्याची घोषणा केली, आणि त्याच महिन्यात यूट्यूबने एकाच साच्यातून ढिगाने काढलेल्या व्हिडिओंबद्दलचा कमाईचा नियम अधिक स्पष्ट केला. या तिन्ही घोषणांचा रोख दुसऱ्याचे उचलणाऱ्यावर किंवा ढिगाने माल काढणाऱ्यावर आहे. स्वतःच चित्रित केलेली कृती स्वतःच्याच दुसऱ्या खात्यावर टाकणारी वेंगुर्ल्याची बाई त्यांत कोठे बसते, ते आपणच दाखवून द्यावे. इतकेच कशाला, इन्स्टाग्रामवरून तोच रील फेसबुकवर पाठवण्याची सोय दोन्हींची मालक कंपनी मेटा स्वतःच देते; ज्याला शिक्षा करायची त्याच्यासाठी कोणी दार उघडून ठेवत नाही.

आता पुतण्याविषयी. त्याने रील इन्स्टाग्रामवरून उतरवून तो शॉर्ट्सवर टाकला होता का, हे आपण लिहिलेले नाही, आणि सारे काही तेथेच अडते. गाणे, अक्षरे, चिकटचित्रे (स्टिकर) इन्स्टाग्रामच्या आतच जोडून मग तो उतरवला, तर वर चिन्ह येऊ शकते, गाणे गळून व्हिडिओ मुका होऊ शकतो आणि दर्जाही घसरतो. मी मूळ लेखात ठळक अक्षरांत लिहिले होते की, संपादन बाहेरच्या ॲपमध्ये पूर्ण करावे, स्वच्छ मूळ प्रत फोनमध्ये जपावी आणि चारही ठिकाणी तीच प्रत वेगवेगळी चढवावी. व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठवलेली प्रत तर मुळीच वापरू नये, कारण ती दाबून लहान केलेली असते. हे वाचूनही पुतण्याचा दाखला दिला असेल, तर लेख शेवटपर्यंत वाचला गेला की नाही, अशी शंका मला येते. शिवाय त्याच्या खात्यावर आधीचे अनुयायी होते आणि चॅनेल नवे होते, हीही एक साधी शक्यता आहे. एका पुतण्यावरून सिद्धांत मांडण्याची घाई आपल्यासारख्या ‘जुन्या वाचका’ने करू नये.

संगीताबद्दल थोडक्यात. मौन पाळलेले नव्हते, विषय स्वतंत्र लेखाचा आहे म्हणून बाजूला ठेवला होता. तरी आपले समाधान व्हावे म्हणून सांगतो: इन्स्टाग्रामच्या संग्रहातील गाणे तेथे वापरण्याची मुभा म्हणजे ते यूट्यूबवर नेण्याची मुभा नव्हे, आणि व्यावसायिक खात्याला तर तो संग्रहही पुरता मिळत नाही. शॉर्ट्सची मर्यादा १५ ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांची झाली, पण एका मिनिटाहून लांब शॉर्टमधील गाण्यावर हक्काचा दावा लागला, तर तो जगभर अडवला जातो. तुकोबांचा अभंग सर्वांचा आहे, म्हणून त्याचे कोणतेही ध्वनिमुद्रण लावता येते, असाही समज दिसतो; आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा स्वतंत्र हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. आम्ही आगळाच्या व्हिडिओत फक्त रतांबे फोडल्याचा आवाज ठेवतो. वाद मिटतो.

चार ठिकाणच्या प्रतिक्रिया एकट्याने कशा सांभाळाव्यात, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या वेळेचा आहे. ज्याला जमत नसेल त्याने दोन ठिकाणे निवडावीत. यावर अधिक लिहिण्यासारखे मला काही दिसत नाही, आणि आपणही एका ओळीपलीकडे काही लिहिलेले नाही.

‘स्वतः काही विकून दाखवावे’ याविषयी एवढेच म्हणतो की, मी विक्रेता असल्याचा दावा कधी केलेला नाही. मी कॅमेरा धरतो, अक्षरे बसवतो आणि चार ठिकाणी चार प्रकारे मजकूर लिहितो. गेली काही वर्षे हेच करतो आहे आणि ते कसे करावे एवढेच लेखात सांगितले. आगळाच्या किती बाटल्या गेल्या, हा हिशेब मावसबहिणीच्या वहीत आहे. ती वही मी मागितलेली नाही आणि मागणारही नाही. आपल्याला खरेच उत्सुकता असेल, तर तिच्या स्टेटसखाली नाव लिहून विचारावे.