‘टीम आर’ चूकच? एका फिरत्या संदेशाला उत्तर

‘इंग्रजीत वचन कधीच चुकणार नाही’ अशा मथळ्याचा एक संदेश हल्ली जिकडेतिकडे फिरतोय. त्यात चार नियम आहेत: शब्दाच्या शेवटी ‘एस’ म्हणजे अनेकवचन, समूहवाचक नामापुढे (टीम, कमिटी वगैरे) कायम ‘इज’, ‘डेटा इज’ ही अडाण्यांची भाषा, आणि प्रत्येक प्राण्याच्या कळपाचं खास नाव पाठ हवंच. चारही ठणकावून सांगितलेत आणि चारही लंगडे आहेत.

‘एस’चा नियम तर उभाही राहत नाही. न्यूज, फिजिक्स, मीझल्स या सगळ्यांच्या शेवटी ‘एस’, पण क्रियापद ‘इज’. उलट पीपल आणि कॅटलला ‘एस’ नाही, तरी ‘आर’. गंमत म्हणजे ही गफलत खुद्द इंग्रजांनीही केली आहे. वाटाण्याला पूर्वी ‘पीझ’ म्हणत, आणि ते एकवचन होतं. शेवटचा उच्चार अनेकवचनासारखा वाटला म्हणून लोकांनी तो छाटला आणि ‘पी’ असं नवंच एकवचन तयार झालं.

दुसरा नियम आपल्याला चटकन पटतो, कारण मराठीत तसंच आहे. खेळाडू अकरा असले तरी ‘संघ हरला’. ‘संघ हरले’ म्हटलं तर एकापेक्षा जास्त संघ हरले असा अर्थ होतो. इंग्रजीत मात्र बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काय आहे, याला वजन आहे. ‘द कमिटी हॅज थ्री मेंबर्स’ इथे समिती ही एक वस्तू. ‘द कमिटी आर स्टिल आर्ग्युइंग’ इथे भांडणारी माणसं दिसतात, आणि ब्रिटिश इंग्रजीत हे वाक्य बिनदिक्कत चालतं. क्रिकेटच्या ब्रिटिश बातम्यांत ‘इंग्लंड आर’ सर्रास भेटतं. अमेरिकन लेखनात बहुतेक वेळा ‘इज’च येतं, संदेश लिहिणाऱ्याने ती एका देशाची पसंती उचलली आणि अख्ख्या भाषेचा कायदा करून टाकली. ‘पोलीस’ शब्दाबाबत तर त्याचा नियम दोन्हीकडे साफ चुकतो: ‘द पोलीस आर’, बस्स.

अमेरिकेचंही पूर्वी काही वेगळं नव्हतं. ‘युनायटेड स्टेट्स’ हे रूपाने अनेकवचनी नाव. १७८७ साली लिहिलेल्या त्यांच्या राज्यघटनेत देशद्रोहाची व्याख्या करताना या नावासाठी ‘देम’ हे सर्वनाम आहे. १८६५ साली गुलामगिरी संपवणाऱ्या तेराव्या दुरुस्तीतही ‘देअर’च. आज तिथे कुणीही ‘द युनायटेड स्टेट्स इज’ म्हणतो. नाव तेच राहिलं, त्याकडे बघण्याची नजर बदलली.

एक पथ्य मात्र पाळावं: एकदा ‘इज’ निवडलं की त्याच वाक्यात पुढे ‘दे’ आणू नये. आणि परीक्षा असेल तर मंडळाच्या पुस्तकात जे आहे तेच लिहावं. तिथे वाद घालून गुण मिळत नाहीत.

‘डेटा’ लॅटिनमध्ये अनेकवचन आहे, हे खरं. पण ‘अजेंडा’ही तसाच आला आहे, आणि ‘अजेंडा आर’ म्हणणारा संदेशकर्तासुद्धा सापडणार नाही. शास्त्रीय लेखनात ‘डेटा आर’ अजून दिसतं, रोजच्या वापरात ‘डेटा इज’. शब्दकोश दोन्ही मान्य करतात.

राहिली कळपांची नावं. कावळ्यांच्या थव्याला ‘मर्डर’ वगैरे नावं ‘बुक ऑफ सेंट ऑल्बन्स’ या १४८६ साली छापलेल्या पुस्तकातल्या यादीत आहेत. त्यातली काही नावं शिकाऱ्यांच्या वापरातली, तर काही उघड थट्टेची. ख्रिस्ती जोगिणींच्या (नन) घोळक्यालाही तिथे ‘अतिरेक’ अशा अर्थाचं नाव बहाल केलंय! कावळ्यांना ‘फ्लॉक’ म्हटलं तर काहीही बिघडत नाही.

मराठी माणूस खरा जिथे घसरतो, त्याबद्दल संदेशात अवाक्षर नाही. ‘माझे केस गळतात’ असं आपण अनेकवचनात बोलतो, म्हणून ‘माय हेअर्स आर फॉलिंग’ तोंडात येतं. तिथे ‘माय हेअर इज’ हवं. सल्ल्याचे आपण सल्ले करतो, पण ‘अ‍ॅडव्हायसेस’ होत नाही. ‘पीसेस ऑफ अ‍ॅडव्हाइस’ म्हणावं लागतं. ‘माहित्या’ तर मराठीतही कुणी म्हणत नाही, तरी ‘इन्फर्मेशन्स’ मात्र ईमेलमध्ये बिनधास्त सापडतं. ‘हेअर्स’ चालतं ते सुटे केस मोजताना: सूपमध्ये दोन निघाले, तर ‘टू हेअर्स’.