सातबारा सिंगापूरला कसा समजावायचा?

आज तिसऱ्यांदा इथल्या, सिंगापूरच्या बँकेचा मेल. या वेळचा प्रश्न: कंसातला माणूस कोण?

आईने मिरजेजवळचे तीस गुंठे विकले आणि 36 लाख मला पाठवले, इथल्या फ्लॅटच्या डाऊन पेमेंटला. खरेदीखत दिलं, इंडेक्स टू दिला, तिकडच्या बँकेचं स्टेटमेंट दिलं. मग विचारलं, जमीन आईकडे आली कुठून? म्हणून सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून पाठवलं. त्यात आजोबांचं नाव कंसात, शेजारी गोलात फेरफाराचा नंबर. आता मेल लिहिणाऱ्या बँकेतल्या पोरीला वाटतंय, कंसातले गृहस्थ छुपे भागीदार आहेत. बाई गं, ते 1994 साली वारले. कंस म्हणजे नाव कमी झालं!

मनी लाँडरिंग म्हणे. माझी आई! जी भाजीवाल्याकडून आलेले सुटे दोनदा मोजते आणि जास्त आले तर परत करते.

आणि हेच ते सिंगापूर बरं का. 15 ऑगस्ट 2023. आपण सगळे झेंडावंदनाचे फोटो टाकत होतो आणि इथे 400 वर पोलीस एकाच वेळी बंगल्यांवर, फ्लॅटांवर धडकले. दहा जण धरले. मूळचे चीनचे, पण कुणाकडे सायप्रसचा पासपोर्ट, कुणाकडे कंबोडियाचा, कुणाकडे वानुआतूचा. एकाने तर बाल्कनीतून उडी मारली आणि गटारात लपून बसला. मोजता मोजता माल 3 अब्ज सिंगापूर डॉलरच्या वर गेला. दीडशेवर घरं-जागा, साठेक गाड्या, पर्सा, घड्याळं, सोन्याच्या लगडी.

यांची खाती काय आकाशात होती? इथल्याच बँकांत होती. पैसा कुठून आला म्हणून बनावट कागद दिले होते, आणि ते काही काळ खपलेही. सुबक इंग्रजीत असणार. माझा सातबारा खरा आहे, हाच त्याचा दोष.

याच प्रकरणात 2025 च्या जुलैत नऊ वित्तसंस्थांना मिळून सुमारे 2 कोटी 74 लाख सिंगापूर डॉलर दंड झाला. 3 अब्जांपुढे हे किती, तुम्हीच सांगा. दहा जणांना 13 ते 17 महिने शिक्षा, मग हद्दपारी. झालं.

(चहा घेऊन आलो.)

बरं, एक कबूल करतो. माग लागला तो बनावट कागद आणि बँकांकडून आलेले संशयाचे रिपोर्ट यांच्यावरूनच. हे रिपोर्ट पोलिसांच्या आर्थिक गुन्हे खात्यातल्या एका कक्षाकडे जातात. 2021 पासून तिथली मोजकी माणसं गुपचूप धागे जुळवत बसली होती. कोण कुणाचा भाऊ, कुणाच्या कंपनीत कुणाचा पैसा.

मला गंमत वेगळ्याच गोष्टीची वाटते. अख्खा देश मेट्रोने तासा-दीड तासात पार होतो. बँकांचे सगळे साहेब एकाच हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, जेवत असतील. पण एका बँकेने गिऱ्हाईक नाकारलं की ते रस्ता ओलांडून दुसरीत जायचं आणि पहिलीने गुप्ततेपायी गप्प बसायचं! एकमेकांशी बोलण्यासाठी यांना कायदा करावा लागला. 1 एप्रिल 2024 पासून सहा मोठ्या बँका 'कॉस्मिक' नावाच्या सामाईक डिजिटल प्लॅटफॉर्मवर संशयित गिऱ्हाइकांची माहिती एकमेकींना देतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणखी एक कायदा झाला, म्हणजे आयकर आणि कस्टम्सकडची माहितीही पोलिसांच्या त्या कक्षापर्यंत जाईल. या प्रकरणानंतर नेमलेल्या, मंत्री इंद्राणी राजा यांच्या समितीचा अहवाल आला तो ऑक्टोबरात. तीन अब्ज सापडल्यावर. असो, निदान केलं तरी.

मेलची वेळ आत्ता पाहिली. रात्री 9:40. म्हणजे ती पोरगीही अजून ऑफिसातच. माझ्या आजोबांचा कंस सोडवत. उद्या कुणी म्हणालं, तू विचारलं का नाहीस, तर तिची नोकरी जाईल, साहेबांची नाही. तिच्यावर उगाच चिडलो.

पण मग ते खोटे कागद तेव्हा कुणी तपासले? तेही रात्री 9:40 ला? जाऊ दे.

आईला फोन केला तर म्हणते, "त्या बाईंना म्हणावं, मी येऊन विहीर दाखवते."

आता जुना फेरफार स्कॅन करतोय. तलाठ्याच्या हस्ताक्षरात 'वारस नोंद'च्या पुढचा एक शब्द काही केल्या लागत नाहीये. कुणाच्या घरात तलाठी, सर्कल असतील तर इनबॉक्स करा, फोटो पाठवतो. उद्या संध्याकाळपर्यंतची मुदत आहे.