"कॅटेगरी वनच आहे ना, मग काय एवढं?"

७ जुलै २०२४ ला ह्यूस्टनमध्ये, बेरिल हरिकेन म्हणजे चक्रीवादळ दुसऱ्या दिवशी येणार होतं तेव्हा, हे वाक्य मी दिवसभर ऐकत होते आणि खरं सांगते, मी पण तेच म्हणत होते. कॅटेगरी एक ते पाच असते, पाच म्हणजे सगळ्यात जोराचं वादळ. आई तेव्हा आमच्याकडे आलेली. ती श्रीवर्धनची, २०२० चं निसर्ग चक्रीवादळ घरात बसून काढलेली बाई. तिने कुणाला काही न विचारता कुकरपासून बादल्यांपर्यंत घरातलं एकूण एक भांडं भरून ठेवलं, बाथटबसुद्धा, आणि म्हणाली, "वारं चार तासांत जातं गं, त्यानंतरचे दिवस सरत नाहीत."

हे तेच बेरिल बरं का, ज्याच्यामुळे वर्ल्डकप जिंकून आपली टीम बार्बाडोसला अडकली होती. आपण सगळे विमान कधी सुटतंय ते बघत होतो आणि त्याच वादळाने १ जुलैला तिथून जवळच, ग्रेनेडाच्या कॅरिआकू बेटावर घरांची छपरं उडवून नेली, जवळपास एकही घर धड राहिलं नाही. पुढे ते कॅटेगरी पाचला गेलं, अटलांटिकमध्ये सीझनच्या इतक्या सुरुवातीला असं कधी झाल्याची नोंदच नाही. ८ जुलैच्या पहाटे टेक्सासला मॅटागोर्डापाशी आलं तोवर उतरून एक झालेलं.

त्या "एक"ने ह्यूस्टन भागात वीस लाखांहून जास्त कनेक्शन्सची लाईट घालवली. आमच्याकडे सहा दिवस नव्हती. जुलै महिना, वर आभाळ स्वच्छ निळं, आणि घरात उशी घामाने भिजलेली, फ्रीजरमधला खवलेला नारळ आंबला, दूध, भाज्या सगळं काळ्या पिशव्यांत भरून बाहेर. समोरच्या आजोबांना त्यांचा मुलगा रात्रभर गाडीत एसी लावून बसवायचा, पेट्रोल संपत आलं की रांगेत जायचा. वादळ गेल्यावर नुसत्या उकाड्याने इथे माणसं गेली हो, त्यात म्हातारी माणसं जास्त.

मला राग येतो तो या आकड्याचा. कॅटेगरी मोजते फक्त वाऱ्याचा वेग, एक म्हणजे ताशी ११९ ते १५३ किलोमीटर, बस. पाऊस किती पडणार, समुद्र किती आत येणार, लाईट किती दिवस जाणार, यातलं काहीही त्यात नाही. आणि आपण सगळे त्या एका आकड्यावर घर सोडायचं की नाही ते ठरवतो!

हेलीन वादळाचं बघा ना. त्याच वर्षी २६ सप्टेंबरच्या रात्री फ्लोरिडाला कॅटेगरी चार म्हणून आलं, पण नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात पोचलं तेव्हा ते हरिकेन पण राहिलं नव्हतं. तिथे आधीच पावसाने जमीन भरून गेलेली, त्यावर हे कोसळलं, नद्या गावांतून वाहिल्या, चिमनी रॉकसारखं गाव वाहून गेल्यात जमा. तिथलंच ॲशव्हिल शहर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, तिथे नळाला पिण्यालायक पाणी यायला ५३ दिवस लागले. अमेरिकेत अडीचशेच्या आसपास माणसं गेली, २००५ च्या कतरिनानंतर इथल्या मुख्य भूमीवर एका वादळात एवढी माणसं गेली नव्हती. डोंगरात पूर कशाला येतोय म्हणून फ्लड इन्शुरन्स फारच थोड्यांकडे, आणि घराच्या नेहमीच्या पॉलिसीत पुराचं नुकसान धरतच नाहीत.

म्हणून इथल्या मराठी मंडळींना कळकळीने सांगते, सरकारी फ्लड पॉलिसी लागू व्हायलाच साधारण ३० दिवस जातात, वादळ मेक्सिकोच्या आखातात दिसल्यावर पळापळ करून काही होत नाही. १ जूनला सीझन सुरू होतो. आमचा एरिया फ्लड झोनमध्ये येत नाही, तरी आम्ही या वेळी एप्रिलमध्येच पॉलिसी घेतली, आणि पाण्यासाठी दोन मोठी झाकणाची पिंपं पण आणून ठेवलीत गॅरेजमध्ये.