कान बघून आणलेलं नाक

घरात कुत्रा आणायचा यावर आमचं एका बैठकीत एकमत झालं, कारण त्याचं सगळं दुसरंच कोणीतरी करणार याची प्रत्येकाला खात्री होती. पेटलं ते जातीवरून. मुलाला बर्फावर गाडी ओढणारा हस्की हवा होता. मुलीला बॉर्डर कॉली. ही जात मूळची मेंढ्या हाकणारी. मेंढ्या नसल्या तर घरातल्या माणसांना हाकते म्हणे. "त्यासाठी मी आहे की," असं म्हणून बायकोने तो विषय मिटवला. मी लॅब्रॅडॉर सुचवला. पण २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी शोधून ठेवलंय की सुमारे पाव लॅब्रॅडॉरांत एक जनुक बिघडलेलं असतं आणि त्यामुळे त्यांची खा-खा संपत नाही. "असा एक आहे आपल्याकडे," बायको माझ्या ताटाकडे बघत म्हणाली. बाबांना राखणदार हवा होता.

शेवटी बीगल आला. का, तर कान गोड. नाकाकडे कोणी बघितलंच नाही. ज्याच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या सशांचा माग काढला, तो आमच्याकडे मोज्यांचा काढतो. राखणदार म्हणून बाबांनी नाव ठेवलं शेरू. बेल वाजली की शेरू धावत जातो आणि येईल त्याचे पाय चाटतो. "ओळख पटवून घेतोय," बाबा म्हणतात.

पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवला की तितके तास ते लघवीची कळ काढू शकतं, असा एक ढोबळ हिशोब आहे. म्हणजे दोन महिन्यांच्या शेरूचे तीन तास. रात्रपाळ्यांचा तक्ता फ्रिजवर लागला. आपल्या पाळीला किती गाढ झोपता येतं, हे मला घरच्यांनी दाखवून दिलं.

त्यात डॉक्टरांनी पेच टाकला. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर सोडायचा नाही. पण तीन ते चौदा आठवड्यांत जे बघितलं नाही, त्याला तो पुढे घाबरणार. तेव्हा कडेवर घ्या आणि जग दाखवा! दाढीवाले, हेल्मेटवाले, काठीवाले. मी शेरूला घेऊन एका अनोळखी गृहस्थांपुढे उभा राहिलो आणि म्हणालो, "जरा छत्री उघडता का?" आभाळात ढग नव्हता. त्यांनी उघडली, पण आधी चार पावलं मागे सरकून.

मग दात. दुधाचे २८ पडून ४२ येतात आणि या उलाढालीत हिरड्या शिवशिवतात. खास आणलेली रबरी हाडं त्याने हुंगूनही बघितली नाहीत. चप्पल मात्र प्रत्येक जोडातली एकच. रिमोटचं फक्त आवाज कमी करायचं बटण खाल्लं, त्यामुळे बाबांच्या बातम्या आता शेजारीही ऐकतात.

आणि ओरडलं की तो चेहरा! कान मागे, मान खाली, डोळ्यांच्या कडेला पांढरं. न्यायाधीशालाही पाझर फुटावा. कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केला. हा चेहरा गुन्ह्यामुळे होत नाही, मालक रागावल्यामुळे होतो. उलट काही न करता बोलणी खाणारे कुत्रे जास्तच अपराधी दिसले. घरात कोणाला हे पटत नाही.

परवा बिस्किटांचा डबा रिकामा सापडला. बायकोचा आवाज चढला. शेरूने तत्काळ मान खाली घातली, शेपूट पायांत घेतली, वर एक पंजाही उचलला. "बघ, कबूल करतोय!" मुलगा म्हणाला. एवढ्यात मुलीने आजोबांच्या सदऱ्याकडे बोट दाखवलं. पहिल्या बटणापासून तिसऱ्यापर्यंत चुरा सांडला होता. बाबांनी चुरा झटकला, तो शेरूने खाली पडू दिला नाही.

"आता तर त्यानेच खाल्लीत ना?" बाबा म्हणाले आणि रिमोट उचलला.